तोफा वळल्या आपल्याच घरांवर

१७ फेब्रुवारी १८०३, गुरुवार. मुंबईच्या कोटातल्या बाजारात आग लागली आणि दिवसभर ती कोणाला आवरेना. सूर्य मावळायला आला तेव्हा कोटातले एकही घर आता वाचत नाही, अशी भीती सर्वांना वाटू लागली होती. ज्वाळांचा जोर ओसरेपर्यंत तटाच्या आतल्या वस्तीचा जवळजवळ तिसरा हिस्सा जळून गेला होता.

त्या वेळी मुंबईचा गव्हर्नर जोनाथन डंकन होता. या आगीचा जो वृत्तांत त्याने विलायतेला कळवला तो अगदी थोडक्यात आहे. त्यात आक्रोश नाही, धावपळीची वर्णने नाहीत. पण आग समजून घ्यायला जे लागते ते सगळे त्या थोडक्या ओळींत आहे. आग कुठून निघाली, तर कंबरलँड नावाच्या बुरुजबंदीसमोरच्या बाजारातून. कोणत्या दिशेने गेली, तर आग्नेयेकडे. कुठपर्यंत, तर थेट राजाच्या पलटणीच्या बराकींपर्यंत. आणि माणसांचे प्रयत्न का फसले, तर वाऱ्याने तिला पुढे पुढे रेटले म्हणून. एवढ्या चार गोष्टी हाती असल्या की दोनशेहून अधिक वर्षांपूर्वीची आग पावलापावलाने पुन्हा मांडता येते. या लेखात तेच करायचे आहे.

आधी गाव डोळ्यांसमोर आणू. कोट म्हणजे आजचा फोर्ट, पण तेव्हा तो खरोखरच तटाने वेढलेला होता. दक्षिणेच्या अपोलो गेटपासून उत्तरेच्या बाजार गेटपर्यंत लांबी सुमारे एक मैल. रुंदी सर्वात जास्त जिथे, तिथेही पाव मैलाच्या आसपास. म्हणजे सगळे मिळून फार तर दीडशे-एकशे साठ एकर. एवढ्या जागेत किल्ला, गोदी, कस्टम हाऊस, बराकी, चर्च, अग्यारी, देवळे, पेढ्या, दुकाने आणि हजारो माणसांची घरे. दक्षिणेकडे मुख्यतः इंग्रजांची वस्ती, उत्तरेकडे पारशी, हिंदू आणि मुसलमान व्यापाऱ्यांची. बाजार उत्तरेला आणि सर्वात दाट वस्तीही तिथेच.

तटाबाहेर खंदक होता आणि खंदकापलीकडे मोठे मोकळे मैदान राखलेले होते. आजची आझाद मैदान, क्रॉस मैदान आणि ओव्हल ही त्याच मोकळ्या जागेची उरलेली रूपे. शत्रू चाल करून आला तर त्याला आडोसा मिळू नये आणि तोफेचा मारा थेट पोचावा, म्हणून तिथे घर बांधायला बंदी होती. मला या आगीतली सर्वात विचार करण्यासारखी गोष्ट हीच वाटते. तटाबाहेर शेकडो यार्ड जागा काटेकोरपणे रिकामी ठेवली होती आणि तटाच्या आत दोन घरांमध्ये श्वास घ्यायलाही जागा नव्हती. मोकळ्या जागेची किंमत राज्यकर्त्यांना पुरेपूर ठाऊक होती, पण ती फक्त शत्रूच्या हिशेबात.

माणसे इतकी दाटीवाटीने का राहत होती? त्याचे उत्तर घाटावर होते. ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी हडपसरजवळ पेशवे आणि शिंदे यांच्या फौजेचा पराभव केला. दुसरा बाजीराव पुणे सोडून कोकणात उतरला आणि ३१ डिसेंबरला त्याने वसईचा तह केला. म्हणजे आगीच्या आधी जेमतेम दीड महिना. पाठोपाठ दुष्काळ होताच. घाटावरून आणि कोकणातून माणसे मुंबईकडे सरकत होती. आपल्या सुकापूरजवळचे पनवेल तेव्हा पेशव्यांच्या मुलखातले बंदर होते. बोरघाट उतरून यायचे, पनवेलच्या खाडीत होडीत बसायचे आणि मुंबई गाठायची, ही पुणे-मुंबईची नेहमीची वाट होती. अशा दिवसांत ज्याच्यापाशी चार पैसे असतील त्याला तटाच्या आत राहणेच सुरक्षित वाटणार. तटाने त्याला लुटारूंपासून वाचवले असते. आगीपासून नाही.

आता घरे. आगीनंतर पुढच्याच वर्षी, १८०४ मध्ये, लॉर्ड व्हॅलेन्शिया नावाचा इंग्रज प्रवासी मुंबईत आला. कोटातल्या घरांना लाकडी खांब आणि त्यांवर पेललेल्या लाकडी पडव्या असतात, त्यामुळे हे गाव कलकत्ता किंवा मद्रासपेक्षा वेगळे दिसते, असे त्याने नोंदवले आहे. ही बांधणी मूर्खपणाची नव्हती. चार महिने कोसळणाऱ्या पावसात भिंत ओली होऊ नये म्हणून पडवी हवी. दमट उन्हाळ्यात वारा खेळता राहावा म्हणून सज्जे आणि झरोके हवेत. छपराला वासे, रिपा आणि वर देशी कौले. पावसासाठी आणि उकाड्यासाठी हे घर उत्तम होते. पण माघ-फाल्गुनात, पावसाला पाच महिने उलटून लाकूड कडकडीत वाळल्यावर, तेच घर म्हणजे व्यवस्थित रचलेली लाकडे.

लाकूड पेटते कसे, हे थोडे सावकाश पाहू. लाकूड स्वतः जळत नाही. ते साधारण अडीचशे-तीनशे अंश सेल्सिअसपर्यंत तापले की त्यातून ज्वलनशील वायू सुटू लागतात आणि ज्वाळा त्या वायूंची असते. म्हणून घर पेटायला ज्वाळेचा स्पर्श लागतच नाही. समोरच्या घराची अख्खी दर्शनी बाजू धगधगत असेल, तर गल्लीपलीकडचा खांब नुसत्या झळीने तापत जातो, त्याचा रंग काळवंडतो, धूर निघू लागतो आणि मग उडून आलेली एखादी ठिणगी त्या धुराला पेटवते. या झळीचा जोर अंतराबरोबर झपाट्याने कमी होतो. गल्ली रुंद असती तर समोरचा खांब नुसता गरम झाला असता. पण पडव्या आणि वरचे सज्जे दोन्ही बाजूंनी गल्लीत पुढे आलेले. जमिनीवर गल्ली जेवढी, वरच्या मजल्यावर ती त्याहून अरुंद. आणि ज्वाळा तर वरच चढते.

आगीचा दुसरा रस्ता छपरातून. शेजारी शेजारी लागून असलेल्या घरांच्या माळ्यांमधून तापलेली हवा आडवी सरकते. रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाला एक घर पेटलेले दिसत असते, तेव्हा पलीकडच्या दोन घरांचे वासे आतून धुमसत असतात. बादली घेऊन उभा असलेला माणूस नेहमी आगीच्या मागेच राहतो तो यामुळे.

तिसरा रस्ता हवेतून. जळते कोळसे, रिपांचे तुकडे, कापडाच्या चिंध्या धगीबरोबर उंच उडतात आणि वाऱ्याच्या दिशेने पुढे जाऊन पडतात. आगीची मुख्य फळी अजून मागे असताना पुढे नव्या जागी आग उभी राहते. इथेच डंकनने लिहिलेली दिशा महत्त्वाची ठरते. फेब्रुवारीत मुंबईला सकाळी जमिनीकडून कोरडा वारा येतो आणि दुपार झाली की वारा फिरून समुद्राकडून, वायव्येकडून वाहू लागतो. वायव्येचा वारा आगीला आग्नेयेकडेच ढकलणार. उत्तरेच्या बाजारातून निघालेली आग आग्नेयेला, किल्ल्याच्या आणि बराकींच्या बाजूला का गेली, याचे उत्तर आपल्या रोजच्या खाऱ्या वाऱ्यात आहे. पनवेलच्या खाडीकाठी ज्याने फेब्रुवारीतली दुपार घालवली आहे त्याला तो वारा ओळखीचा आहे.

पाणी का पुरले नाही? मुंबईला नळाचे पाणी विहार तलावातून आले ते १८६० मध्ये. १८०३ मध्ये कोटात विहिरी आणि टाक्या, आणि विझवण्यासाठी बादल्या आणि हाताने दाबायचे बंब. आपण एक साधा हिशेब करू. एक किलो वाळलेले लाकूड पूर्ण जळले तर जेवढी उष्णता देते, तेवढी शोषून घ्यायला साधारण सहा-सात लिटर पाण्याची पूर्ण वाफ व्हावी लागते. वीतभर रुंद, वीतभर जाड आणि चार मीटर लांब अशा एका सागवानी तुळईचे वजन शंभर किलोच्या आसपास भरते. म्हणजे नुसत्या एका तुळईची उष्णता शोषायला सहाशे-सातशे लिटर पाणी. प्रत्यक्षात आग विझवायला सगळी उष्णता शोषावी लागत नाही, लाकडाचा पृष्ठभाग थंड केला तरी पुरते, म्हणून सुरुवातीच्या पाच मिनिटांत दोन बादल्याही घर वाचवतात. पण एकदा आळीच्या आळी पेटली की विहिरीवरून हातोहात येणाऱ्या बादल्यांचा आणि त्या उष्णतेचा मेळ बसणे शक्य नाही. शिवाय धगीमुळे माणूस जवळ जाऊ शकत नाही आणि लांबून फेकलेले पाणी ज्वाळेपर्यंत पोचण्याआधीच विखुरते. दिवसभर केलेले सगळे प्रयत्न निष्फळ ठरले, असे डंकन लिहितो, त्यात माणसांचा आळस शोधण्याचे कारण नाही.

मग उरतो एकच उपाय. आग जिथे अजून पोचलेली नाही तिथले जळण काढून घ्यायचे. सुकापुरातल्या लोकांना हे वेगळे सांगायला नको. माथेरान आणि प्रबळगडाच्या उतारांवर हिवाळा सरला की गवत वाळते आणि वणव्याचे दिवस येतात. त्याआधीच जाळरेषा काढतात, म्हणजे गवताचा एक पट्टा आपणच साफ करून टाकायचा. वणवा त्या पट्ट्याशी आला की त्याला खायला काही उरत नाही. शहरात हाच पट्टा घरांमधून काढावा लागतो. १६६६ मध्ये लंडनला सुरुंगाची दारू लावून घरे उडवली होती. मुंबईत १८०३ मध्ये तोफा वापरल्या. किल्ल्याच्या शेजारची पुष्कळ घरे तोफखान्याने पाडली.

तोफाच का, याला कारण होते. किल्ल्यात दारूगोळ्याचे कोठार होते. आग आग्नेयेकडे, म्हणजे त्याच बाजूला येत होती. ते कोठार पेटले असते तर तिसरा हिस्सा काय, कोटच राहिला नसता. घर हातांनी उतरवायला वेळ लागतो आणि वारा तेवढा वेळ देत नव्हता. तोफेचा गोळा घराचे खांब मोडतो, घर खाली बसते, उंची कमी होते. पडलेले लाकूडही जळतेच, पण जमिनीवरच्या ढिगाची ज्वाळा तीन मजली दर्शनी भिंतीइतकी उंच जात नाही, तिची झळ लांब पोचत नाही आणि ठिणग्या कमी उडतात. मुख्य म्हणजे मध्ये अंतर तयार होते. गाव वसवताना जी जागा सोडली नव्हती, ती अखेर काही तासांत तोफा डागून मिळवावी लागली. ज्यांची घरे अजून धडधाकट होती त्यांच्या डोळ्यांदेखत ती पाडली गेली. त्या कुटुंबांविषयी वाचताना जीव तुटतो, तरीही तो निर्णय बरोबरच होता असे मी म्हणेन. दारूचे कोठार वाचले आणि उरलेला कोट वाचला.

नुकसान प्रचंड होते. बाजाराचा जवळजवळ पाऊण भाग गेला. बराकी आणि कस्टम हाऊस जळले. देशी व्यापाऱ्यांचा अतोनात माल खाक झाला.

सुरतेची १८३७ ची आग याच्याशी ताडून पाहण्यासारखी आहे. २४ एप्रिलला एका घरात उकळणारे डांबर सांडले, एवढेच निमित्त. तिथेही लाकडी घरे, अरुंद गल्ल्या आणि उन्हाळ्याचा वारा. पण तिथे वेळेवर मधला पट्टा मोकळा झाला नाही आणि नऊ हजारांहून अधिक घरे जळाली. निमित्त कुठे डांबराचे, कुठे दिव्याचे, कुठे चुलीचे. ते शोधत बसण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही, कारण हजारो चुलींच्या गावात रोज कुठे ना कुठे ठिणगी उडणारच. तिच्यापासून शेजारचे घर किती लांब आहे, हे मात्र माणसाच्या हातात असते.

आगीनंतर सरकारने जळलेला भाग नीट आखून बांधावा आणि जमेल तेवढ्या लोकांनी तटाबाहेर जावे असे प्रयत्न केले. हे सोपे नव्हते. ज्याची पिढ्यान्‌पिढ्यांची पेढी बाजार गेटाशी होती तो नारळीच्या वाडीत जाऊन दुकान कशाला मांडेल? तरीही हळूहळू वस्ती बाहेर सरकली. मांडवी, काळबादेवी, भुलेश्वर या बाजूंना नवे गाव वाढत गेले. आज आपण ज्याला जुनी मुंबई म्हणतो, त्या दाट व्यापारी मुंबईच्या वाढीला या आगीने मोठा रेटा दिला. कोट मात्र ओस पडला नाही. १८१३ च्या मोजणीत कोटात १०,८०१ माणसे होती आणि त्यांत ५,४६४ म्हणजे निम्म्याहून अधिक पारशी होते. तट पाडायला सुरुवात झाली ती १८६० नंतर, बार्टल फ्रियरच्या कारकिर्दीत. त्याचा उरलेला तुकडा सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात अजून उभा आहे. जवळचा बाजार गेट रस्ता आता पेरिन नरिमन रस्ता आहे.

वस्ती तटाबाहेर गेली, पण दाटी तिच्याबरोबरच गेली. काळबादेवीच्या गल्ल्यांनी कोटाचीच रचना पुन्हा उभी केली. आणि १८०३ मध्ये दारूचे कोठार उडण्याची जी भीती तोफांनी टाळली, ती १४१ वर्षांनी मांडवीजवळच्या व्हिक्टोरिया गोदीत खरी झाली. १४ एप्रिल १९४४ ला ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर कापसाच्या गठड्यांना आग लागली. त्याच जहाजात सुमारे चौदाशे टन स्फोटके होती. दुपारी चारनंतर ती उडाली आणि गोदीसह आसपासची वस्ती उद्ध्वस्त झाली. आग विझवायला गेलेले ६६ जवान त्या दिवशी मरण पावले. देशभर १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळला जातो तो त्यांच्या स्मरणार्थ. शेकडो लाकडी जहाजे आणि कापसाच्या गंजी सांभाळणाऱ्या बंदराला कापूस आणि दारू जवळ ठेवू नये हे ठाऊक नव्हते असे नाही. युद्धाच्या घाईत अंतराचा नियम बाजूला पडला.

आता सुकापूरकडे येऊ. इथे लाकडी पडव्या नाहीत. सिमेंटची भिंत अडीचशे अंशांना वायू सोडत नाही, त्यामुळे एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत आग जाण्याचा धोका कोटातल्यासारखा नाही. पण इमारतीच्या आत जळण आहेच, आणि ते वेगळ्या प्रकारचे आहे. फोमचे सोफे, प्लायवूडची कपाटे, प्लास्टिकचे पडदे, थर्माकोल. यांचा धूर लाकडाच्या धुरापेक्षा लवकर घुसमटवतो. आणि हा धूर वर जातो तो जिन्यातून, कारण आजच्या इमारतीत जिना हाच उभा बोगदा आहे. वीजमीटरांची पेटी बहुतेक ठिकाणी जिन्याच्या पायथ्याशी. तिथेच दुचाक्या लावलेल्या, तिथेच कोणाच्या तरी जुन्या गादीचे गाठोडे. मीटरपेटीत ठिणगी पडली तर सर्वांच्या सुटकेची एकमेव वाट आधी धुराने भरते. वर गच्चीचा दरवाजा कुलूपबंद असेल तर वरच्या मजल्यावरच्या माणसाला दोन्हीकडून वाट नाही.

महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा आहे. त्यानुसार ज्या इमारतींना आगीची यंत्रणा बंधनकारक आहे, त्यांनी ती परवानाधारक संस्थेकडून तपासून, चालू असल्याचा ‘ब’ नमुन्यातला दाखला दर वर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये सादर करायचा असतो. तुमच्या सोसायटीचा शेवटचा दाखला कोणत्या महिन्याचा आहे, हे सचिवांकडे विचारायला काही हरकत नाही. ज्या छोट्या इमारतींना हे बंधन नाही, तिथे निदान जिन्यातला पसारा हलवणे, मीटरपेटीजवळ काही न ठेवणे, गच्चीची किल्ली प्रत्येक मजल्यावर कोणाकडे तरी असणे आणि १०१ हा क्रमांक मुलांनाही पाठ असणे एवढे करता येते.

आणि इमारतीभोवतीची सोडलेली जागा. नकाशा मंजूर होताना ती चारी बाजूंनी दाखवलेली असते. पुढे तिथे पत्र्याची शेड येते, मग गाड्यांसाठी छप्पर, मग जनरेटर, मग भंगार. अग्निशमन दलाची गाडी मागच्या बाजूला पोचायची ती याच पट्ट्यातून, आणि खिडकीला शिडी लावायची तीही इथेच. दरवर्षी पावसाळ्याआधी गटारे साफ करतो, त्याच सुमारास हा पट्टा मोजून रिकामा करून घ्यायला हवा, आणि त्यासाठी सोसायटीच्या सभेत मंजूर नकाशा काढून टेबलावर ठेवावा लागतो.